हिरव्या पट्टीचं प्रकरण

डोकं दुखतंय म्हणून मी डॉक्टरकडे गेलो आणि लाल रबराची पट्टी घेऊन घरी आलो. या भानगडीची सुरुवात इथून झाली. शेवट कुठे झाला, आणि मुळात झाला का, याबद्दल आमच्या गल्लीत अजून दोन मतं आहेत.

माझं डोकं कसं दुखतं हे मी डॉक्टरीणबाईला अगदी व्यवस्थित सांगितलं होतं. मी नगरपालिकेत नोकरीला आहे, त्यामुळे तक्रार स्पष्ट आणि मुद्देसूद मांडायची मला सवय आहे. कोणीतरी घट्ट टोपी जबरदस्तीने कानापर्यंत ओढून बसवावी तसं, दोन्ही बाजूंनी, सकाळच्या पावापासून संध्याकाळच्या बातम्यांपर्यंत. ठणका नाही, उलटी नाही, फक्त आवाज सोसवत नाही. अर्धशिशीवाल्यांना समाजात मान असतो, लोक त्यांच्यासाठी पडदे ओढतात. आमच्यासारख्या साध्या डोकेदुखीवाल्याला "पाणी पी" म्हणतात आणि पुढे जातात.

"गोळ्या किती घेतोस, हेनिंग?" बाईने विचारलं.

"लागतील तेवढ्या."

"रोज?"

मी छताकडे पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं, पण मी पाहत राहिलो.

"मग आता त्या गोळ्यांमुळेच तुझं डोकं दुखत असणार," ती म्हणाली. "त्या सोडायच्या. सुरुवातीला जास्त दुखेल."

इथे मी पहिल्यांदा गोंधळलो. डोकं दुखतं म्हणून गोळ्या, गोळ्या घेतल्या म्हणून डोकं दुखतं, आणि गोळ्या सोडल्या की आणखी दुखणार. मग न दुखण्याची पाळी कधी येते? मी तसं विचारलं, तर तिने मला त्याच इमारतीतल्या व्यायामवाल्या दित्तेकडे पाठवून दिलं.

दित्ते म्हणजे वयाने माझ्या निम्मी आणि खांद्यांनी माझ्या दुप्पट अशी मुलगी. तिने माझी मान दोन बोटांनी दाबून पाहिली आणि "अरे बापरे" म्हणाली. ज्याला जगाकडून थोडी सहानुभूती हवी असते त्याला असे शब्द फार गोड वाटतात. मग तिने ती लाल पट्टी माझ्या हातात दिली. "मान आणि खांदे पार लेचेपेचे झालेत तुझे. पट्टीवर उभा राहा, टोकं हातात धर आणि हात बाजूने खांद्यापर्यंत उचल. दमेपर्यंत. रोज दोनच मिनिटं."

"आणि डोकं?"

"डोक्याचं डोकं बघून घेईल."

एरवी मी हे ऐकून घेतलं नसतं. पण जूनमध्ये माझ्या आणि लिस्बेतच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती, आणि रुप्याच्या लग्नाची सकाळ ही आमच्याकडे नवराबायकोची नसतेच, ती गल्लीची असते. शेजारीपाजारी आदल्या रात्री, नवराबायको झोपल्यावर, दारावर हिरव्या फांद्यांची कमान उभारतात, पहाटे बँड घेऊन येतात, दारात उभे राहून गातात, नवराबायको झोपेतून उठल्यासारखं करून, चकित झाल्यासारखं करून बाहेर येतात, आणि मग सगळी गल्ली घरात शिरून न्याहारी करते. साडेबारा वर्षांनी तांब्याचं लग्न होतं तेव्हाही हाच थाट असतो, फक्त कमान अर्धी. आमच्या तांब्याच्या वेळी मी दुसऱ्या कडव्यापर्यंत दारात टिकलो. नंतर न्हाणीघरात फरशीला कपाळ लावून पडलो, आणि लिस्बेतने एकटीने सगळ्या गल्लीला खाऊ घातलं. "हेनिंग कॉफी करतोय," असं ती दुपारपर्यंत सगळ्यांना सांगत होती.

त्यावरून तिने मला कधी टोमणा मारला नाही. एकदाच म्हणाली, "रुप्याच्या वेळी तू शेवटपर्यंत माझ्या शेजारी उभा राहिलास ना, तर मला दुसरं काही नको." टोमणा परवडला असता.

पहिल्या दिवशी मी बैठकीच्या खोलीत पट्टीवर उभा राहिलो. पट्टी पायाखालून सटकली आणि लिस्बेतच्या आईने दिलेल्या दिव्यावर जाऊन बसली. हा दिवा छतावरून टेबलावर लोंबकळतो आणि आमच्याकडे लोक देवापेक्षा दिव्याला जपतात, एवढं सांगितलं की पुरे. दुसऱ्या दिवसापासून माझी रवानगी बागेत झाली.

बागेत कुंपण आहे. कुंपणाची उंची सोसायटीने ठरवून दिलेली आहे: बसलं की शेजाऱ्याला काही दिसू नये, उभं राहिलं की सगळं दिसावं. मी उभा होतो.

"हेनिंग, उडायला शिकतोयस काय रे?" कुंपणापलीकडून आयविनचं डोकं वर आलं. आयविन म्हणजे आमचा उजव्या हाताचा शेजारी, निवृत्त शाळामास्तर आणि सोसायटीचा अध्यक्ष. कोणी अडचणीत दिसलं की त्याच्या अंगात उत्साह संचारतो.

"डोकेदुखीवर उपाय आहे हा," मी हात न थांबवता म्हणालो.

"डोकं वर आहे, तू हात हलवतोयस."

"डॉक्टरनेच सांगितलंय."

"एकटाच करतोस?" त्याने आवाज उतरवून विचारलं.

तो आवाज का उतरला ते मला कळलं. आमच्याकडे माणसाने एकट्याने करायच्या गोष्टी फार थोड्या, आणि त्याही दार लावून. बाकी दोघांना एकच गोष्ट आवडली की ते मित्र होतात, आणि तिसऱ्याला आवडली की संघ स्थापन होतो. आमच्या एवढ्याशा गल्लीत मधमाश्या पाळणाऱ्यांचा संघ आहे, थंडीत समुद्रात बुड्या मारणाऱ्यांचा आहे, आणि जुन्या बसची डागडुजी करणाऱ्यांचाही आहे. त्यांना अजून बस मिळालेली नाही, पण वार्षिक सभा नेमाने होते.

दुसऱ्या दिवशी आयविन सायकलची जुनी ट्यूब घेऊन कुंपणापलीकडे उभा राहिला. तिसऱ्या दिवशी समोरची गुद्रुन आली. सोसायटीच्या हॉलची किल्ली गुद्रुनकडे असते आणि ती गळ्यात घालूनच ती फिरते. "माझं डोकं वगैरे काही दुखत नाही," तिने आल्या आल्या सांगितलं. "पण तुम्ही काय करता ते कुणीतरी बघायला हवं." आठवड्याभरात निम्मी गल्ली माझ्या हिरवळीवर हात पसरून उभी राहायला लागली, आणि गोळ्या सोडल्यामुळे माझं डोकं पूर्वी कधी नव्हतं इतकं दुखायला लागलं. दोन्हीचा संबंध काय हे मला सांगता येत नव्हतं.

मग एप्रिलच्या गारा पडल्या आणि गुद्रुन म्हणाली की हॉलमध्ये करू. पण हॉल फक्त संघाला मिळतो. नियम तिनेच केलेला होता, त्यामुळे तिला तो मोडता येईना.

स्थापनेच्या सभेत आधी सगळ्यांनी उभं राहून एक गाणं म्हटलं, कारण गाण्याशिवाय सभा सुरू होत नाही. मग कॉफी झाली. मग सभेचा सूत्रधार निवडला, मतं मोजणारे दोघे निवडले, आणि नावावर चर्चा सुरू झाली. 'डोकेदुखी संघ' हे नाव मी सुचवलं. त्यावर ज्यांचं डोकं दुखत नाही त्यांच्यावर अन्याय होतो, असं गुद्रुनचं म्हणणं पडलं. 'पट्टी संघ' म्हटलं तर ट्यूबवाल्या आयविनवर अन्याय होत होता. ज्यांना व्यायाम करायचा नाही पण संघात मात्र असायचं आहे, अशांसाठी 'सहानुभूतीदार सभासद' असा वेगळा वर्ग काढण्यात आला आणि तो वर्ग तिथल्या तिथे बहुमतात आला. तोपर्यंत माझं डोकं एवढं भणभणत होतं की मी कोट टांगायच्या खोलीत जाऊन तीन खुर्च्यांवर आडवा झालो. परत आलो तेव्हा टाळ्या वाजत होत्या. हजर नसलेल्या माणसाचं नाव सुचवायला सोपं जातं, आणि मी अध्यक्ष झालो होतो.

व्यायाम त्या दिवशी झाला नाही. तो विषयपत्रिकेवर अगदी शेवटी, 'ऐनवेळचे विषय' या सदराखाली होता, आणि ऐनवेळच्या विषयांत काही ठरवता येत नाही असा दंडक आहे. हात वर करणं हे ठरवण्यात मोडतं की नाही यावर आयविन बराच वेळ बोलला आणि गुद्रुनने किल्ली वाजवून हॉलची वेळ संपल्याचं सांगितलं.

आता संघाची नोंदणी. नगरपालिकेत संघांचे अर्ज ज्या टेबलावर येतात ते टेबल माझं आहे. स्वतःच्या अर्जावर स्वतः निर्णय घेण्याइतकं मोठं पाप आमच्याकडे दुसरं नाही. म्हणून मी अर्ज स्वीकारला, त्यावर 'संबंधित अधिकाऱ्याचे हितसंबंध गुंतलेले' असा शेरा मारला, आणि अध्यक्षांना, म्हणजे मला, तसं पत्र पाठवलं. पत्र घरी पोचलं तेव्हा मला ते थोडं उद्धट वाटलं. लिस्बेत म्हणाली, "तू सगळ्यांना असंच लिहितोस?" मी विषय बदलला.

अर्ज शेजारच्या टेबलावरच्या किर्स्टनकडे गेला. आम्ही कित्येक वर्षं एकमेकांच्या समोर बसून डबा खातो. तिने डबा खाल्ल्यावर टेबल पुसलं, चष्मा लावला आणि अनोळखी आवाजात विचारलं, "संघ आरोग्याचा की खेळाचा?"

"डोकेदुखीचा."

"तसा रकाना नाही. आरोग्याचा असेल तर दुसऱ्या मजल्यावर जा. खेळाचा असेल तर सामने दाखवावे लागतील. सामने खेळता?"

"कोणाशी खेळणार?"

"ते तुम्ही ठरवायचं." मग तिलाच माझी दया आली असावी. "सभेच्या आधी गाता का?"

"गातो की. सगळेच गातात."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि आमचा संघ 'हालचालींसह समूहगायन' म्हणून सरकारदरबारी रुजू झाला. आता गायल्याशिवाय हात उचलणं बेकायदेशीर होतं.

पण अखेर व्यायाम सुरू झाला, हे कबूल करायला हवं. आम्ही आठदहा जण गात गात पट्ट्या ओढायचो, आणि सहानुभूतीदार मंडळी भिंतीकडेच्या खुर्च्यांवर दालचिनीचे रोल खात बघत बसायची. माझं डोकं दुखतच होतं, पण मधूनमधून ते विसरल्यासारखं व्हायचं. आपलं बरं होतंय की आपल्याला आता फिकीर करायला दुसऱ्याच गोष्टी मिळाल्यात, हे मला ठरवता येईना.

आणि मग रंगाचा प्रश्न आला. या पट्ट्यांचा रंग म्हणजे त्यांचा जोर. लाल मऊ, हिरवी कडक, निळी त्याहून कडक, आणि काळी पट्टी दार उपटून काढणाऱ्या माणसांसाठी असते. तोवर आमच्या सगळ्यांच्याच पट्ट्या लाल होत्या, आयविननेसुद्धा ट्यूब टाकून लाल पट्टी घेतली होती. गुद्रुनने ठराव मांडला की हे असंच राहावं.

"का पण?" मी अध्यक्ष म्हणून विचारलं.

"उद्या एखाद्याने हिरवी आणली तर?"

"तर काय?"

"तर लालवाल्यांना काय वाटेल? की हा स्वतःला कोणीतरी समजतो."

आमच्याकडे माणसावर याहून मोठा आरोप करता येत नाही. चोरी केली तर लोक म्हणतात, त्याची काही अडचण असेल. पण स्वतःला कोणीतरी समजणाऱ्याची गय नाही. ठराव एकमताने मंजूर झाला आणि खाली सही माझी होती.

त्याच आठवड्यात दित्तेने माझे खांदे तपासले आणि म्हणाली, "लाल तुला आता पोरखेळ झालीय. ही घे हिरवी. जोर वाढवत गेला नाहीस तर इतके दिवस केलेलं सगळं फुकट."

"नाही चालणार. ठराव झालाय."

"कसला?"

"रंगाचा."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्या डोक्यात नेमका बिघाड कुठे आहे याचा तिलाच संशय आला असणार. "हेनिंग, तुझे स्नायू सभासद आहेत का त्या संघाचे?"

मी हिरवी पट्टी कोटाच्या आतल्या खिशात घालून घरी आलो. लिस्बेतला सगळं सांगितलं आणि म्हणालो की मी काही ती वापरणार नाही, मी अध्यक्ष आहे. लिस्बेतने बटाटे सोलायचे थांबवले. "लाल ओढून डोकेदुखी जाणार आहे का तुझी?"

"दित्ते म्हणते, नाही."

"मग चल सायकलच्या खोलीत."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी सायकलच्या खोलीत, दोन सायकली आणि बर्फाचं फावडं यांच्या मधे उभा राहून चोरून हिरवी पट्टी ओढायचो आणि लिस्बेत दारात बसून टायरमध्ये हवा भरल्याचं नाटक करत पहारा द्यायची. गायन नाही, कॉफी नाही. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, नगरपालिकेतला जबाबदार माणूस, बायकोच्या पहाऱ्यात रबर ओढतोय, हे दृश्य मी मनाआड करायचा फार प्रयत्न केला.

नाटकात खरी हवा भरावी लागते. एका संध्याकाळी लिस्बेतच्या सायकलचा टायर अशा आवाजाने फुटला की आयविन खुरपं घेऊन धावत आला.

"काय झालं?"

"टायर फुटला," लिस्बेत दार अडवून म्हणाली.

"हेनिंग कुठाय?"

"आत पडलाय. डोकं फार दुखतंय त्याचं. हल्ली फारच वाढलंय, आवाज म्हणून सहन होत नाही."

"अरेरे," आयविन म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "एवढा व्यायाम करूनसुद्धा?"

मी फावड्यामागे हिरवी पट्टी हातात धरून उभा होतो. बायको माझ्यासाठी खोटं बोलतेय याची मला लाज वाटली, आणि मग एकदम लक्षात आलं की ते खरोखरच खोटं आहे. टायर माझ्या कानाशी फुटला होता आणि माझं डोकं दुखत नव्हतं. मी कपाळ चाचपून पाहिलं. ते नेमकं कधीपासून दुखत नव्हतं हे काही केल्या आठवेना. इतकी वर्षं जे माझ्याबरोबर उठलं-बसलं ते निरोपसुद्धा न घेता निघून गेलं होतं. की दबा धरून बसलं होतं? मी कोणाला काही बोललो नाही. बोललं की ते परत येईल अशी भीती वाटली.

मग गुद्रुनने संघाच्या हौसेखातर दित्तेला पाहुणी म्हणून बोलावलं. दित्ते आली, तिने सगळ्यांचे हात कोपरात सरळ केले, सहानुभूतीदारांनाही उठवून उभं केलं, आणि निष्पाप चेहऱ्याने म्हणाली, "तुमच्या अध्यक्षांकडे बघा. तीन आठवडे झाले, हिरवीवर आहे. आता निळी द्यायचा विचार आहे माझा."

गुद्रुनने कॉफीचा थर्मास बंद केला. दित्ते सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिली, बिचारीला आपण काय केलं ते कळत नव्हतं.

जादा सर्वसाधारण सभा भरली. गाणं झालं, पण मनापासून झालं नाही. आयविन उभा राहिला. "हेनिंग, आम्ही रागावलेलो नाही," तो म्हणाला. "आम्हाला वाईट वाटलं." रागावले असते तर मी भांडलो असतो. गुद्रुन म्हणाली की प्रश्न पट्टीचा नाहीच, प्रश्न आहे तो एकट्याने पुढे जाण्याचा. एक सहानुभूतीदार सभासद, ज्याने कधी पट्टीला हात लावला नव्हता, तो म्हणाला की त्याचा व्यायामावरचा विश्वास उडाला. शरद ऋतूपर्यंत मला अध्यक्षपदावरून आणि सभासदत्वावरून दूर करण्यात आलं. माझं डोकं दुखायचं राहिलं का, हे एकानेही विचारलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं होतं, पण सूत्रधार म्हणाला की हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही.

रुप्याच्या लग्नाला तेव्हा फार दिवस उरले नव्हते.

आता माझी खरी अडचण समजून घ्या. कमान बांधायची तर शेजारी आधीपासून गुपचूप तयारीला लागतात. आपण जवळून गेलो की बोलणं थांबवतात, नजर चुकवतात, गॅरेजची दारं ओढून घेतात. आणि शेजारी रुसले असतील तर काय करतात? बोलणं थांबवतात, नजर चुकवतात आणि दारं ओढून घेतात. मी पावाच्या दुकानात शिरलो की गुद्रुन मान वळवायची. हे प्रेम की बहिष्कार? आयविनच्या गॅरेजातून चिरलेल्या फांद्यांचा वास येत होता, पण आयविन एरवीही जूनमध्ये झाडं छाटतोच. शेवटच्या घरात राहणारा आक्सेल, जो टपाल खात्याच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, मला पाहून रस्ता ओलांडून पलीकडे गेला. मी त्या रस्त्याकडे बघत उभा राहिलो आणि मला काही उलगडा झाला नाही.

लिस्बेत मात्र मैदा आणत होती, हेरिंग माशाच्या बरण्या आणत होती. एका संध्याकाळी तिने विचारलं, "नाही आले तर?"

"येतील की."

"नाही आले तर आपण दोघं खाऊ. रोल फ्रीजरमध्ये टिकतात." ती हसली, पण हसणं तोंडापर्यंतच राहिलं. वीस वर्षं या बाईने इतरांच्या दारांसाठी फांद्या गुंफल्या होत्या, हातांना चिरा पडेपर्यंत. मला ते पाहवेना.

"मी जातो," मी म्हणालो. "माफी मागतो. परत लाल घेतो."

"आणि दारात माझ्या शेजारी कोण उभं राहील? लाल पट्टी?" तिने ओट्यावर हात टेकले. "मला कमान नको, हेनिंग. मला तू हवायस."

तिला दोन्ही हवं होतं. तिने मागितलं होतं एकच, पण मी काही इतका मठ्ठ नाही.

त्या दिवशी आम्ही पहाटेच जागे झालो आणि झोपेचं सोंग घेऊन पडून राहिलो. तसा रिवाज आहे. खिडकीत उजेड आला. पक्षी ओरडले. माझं डोकं काचेसारखं स्वच्छ होतं, आणि त्यामुळे बाहेरची शांतता मला पूर्ण ऐकू येत होती. बँड नाही, गाणं नाही, पावलं नाहीत. लिस्बेतचे डोळे मिटलेले होते आणि पापण्या हलत होत्या. मी आयुष्यात पहिल्यांदा डोकं दुखावं अशी इच्छा केली, म्हणजे निदान दुसरीकडे लक्ष गेलं असतं.

"चल, उठू या," ती शेवटी म्हणाली. "रोल भाजायला हवेत."

तिच्या आधी दाराशी जायचं असं मी ठरवलं. रिकामं दार तिने पाहू नये. मी झगा गुंडाळला, कडी काढली आणि दार उघडलं.

दारावर कमान होती. कमानीखाली सगळी गल्ली उभी होती. आणि सगळी गल्ली गात होती, पण ऐकू काहीच येत नव्हतं. ओठ हलत होते, माना डोलत होत्या, आणि त्यातून जेमतेम कुजबुज निघत होती. आक्सेलच्या काखेत ट्रम्पेट होतं आणि ट्रम्पेटच्या तोंडात लोकरीचा मोजा कोंबलेला होता. गुद्रुन ओठांवर बोट ठेवून मागच्यांना दटावत होती.

"हे काय चाललंय?" मीसुद्धा नकळत कुजबुजलो.

"तुझं डोकं," आयविन कुजबुजला. "आवाज सहन होत नाही ना तुला. कमान समितीने ठराव केला, वाद्य नाही, मोठा आवाज नाही."

"तिसऱ्यांदा म्हणतोय आम्ही सगळं गाणं," आक्सेल म्हणाला. त्याचे पाय दुखत असावेत. "तुम्ही उठायलाच तयार नाही."

"पण तुम्ही तर माझ्यावर रुसलाय ना?"

"रुसलोय," गुद्रुन म्हणाली. "शरद ऋतूपर्यंत. कमान समिती वेगळी."

लिस्बेत माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने कमान पाहिली, लोक पाहिले, मोजा पाहिला.

"आक्सेल," मी म्हणालो, "मोजा काढ."

"ठराव आहे, हेनिंग," आयविन म्हणाला.

"माझं डोकं दुखत नाही."

आता गल्लीच गोंधळली. मागचे लोक पुढच्यांना विचारायला लागले. "कधीपासून?" आयविनने विचारलं.

"माहीत नाही."

"मग सभेत का नाही सांगितलंस?"

"कोणी विचारलंच नाही."

आयविनने गुद्रुनकडे पाहिलं. गुद्रुनने जमिनीकडे पाहिलं. "ठराव फिरवायचा तर मत घ्यावं लागेल," ती अखेर म्हणाली, आणि तिचं वाक्य संपायच्या आत लिस्बेतने हात वर केला. तिला तिथे मत नव्हतं, उत्सवमूर्तीला नसतं. पण तो हात खाली येईना. मग आयविनचा वर गेला, मग एकेक करत सगळ्यांचे गेले. गुद्रुनने ते मोजले, दोनदा, आणि मग स्वतःचा वर केला.

आक्सेलने मोजा उपसून खिशात घातला आणि फुंकलं. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं त्याने एकाच दमात बाहेर काढलं. समोरच्या छपरावरची कबुतरं उडाली. लोक घसा फोडून गायला लागले, पहिल्या कडव्यापासून, आणि माझ्या शेजारी लिस्बेत उभी होती आणि तिच्या शेजारी मी. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. मी तिथेच होतो. तिसऱ्या कडव्याच्या मधेच ती माझ्या कानाशी आली.

"दुखतंय?"

"नाही."

"मग डोळ्यांना काय झालंय?"

आजवर घरात डोळे भरून येण्यासारखं काही झालं की मी "डोकं" एवढंच म्हणायचो आणि आत निघून जायचो, आणि मागून कोणी काही विचारायचं नाही. आता आत जायला कारण उरलं नव्हतं. मी तसाच, सगळ्या गल्लीच्या देखत, झग्याच्या बाहीने तोंड पुसत उभा राहिलो, आणि आक्सेलने चौथं कडवं भलत्याच सुरात धरलं.